मोटारीची तहान

प्रवासाला निघणारा मनुष्य आधी पाण्याची सोय पाहतो. वाळवंटात मोटार घेऊन जाणाऱ्याला ही सोय दोघांसाठी पाहावी लागते. एक स्वतःसाठी आणि दुसरी मोटारीसाठी. मोटार पेट्रोलवर चालते हे सर्वांनाच ठाऊक असते. परंतु तिला पाणीही लागते, आणि ते संपले तर पेट्रोलची टाकी काठोकाठ भरलेली असूनही ती जागची हलत नाही, ही गोष्ट डांबरी सडकेवरून फिरणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही. वाळवंटात ती पहिल्याच दिवशी ध्यानात येते. तेथे मनुष्य आणि मोटार एकाच डब्यातले पाणी पितात. एकाने जास्त प्यायले की दुसऱ्याचा वाटा तेवढा घटतो. ही वाटणी कशी करावी, या प्रश्नाने सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या वाळवंटी प्रवाशांना फार सतावले होते.

एंजिनाला पाणी कशासाठी लागते, हे प्रथम पाहिले पाहिजे. एंजिनाच्या सिलिंडरात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण पेट घेते. त्या क्षणापुरते तेथील तापमान २००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. लोखंड सुमारे १५०० अंशांवर वितळते, हे आठवले म्हणजे त्या आगीची कल्पना येईल. असा भडका मिनिटातून हजारो वेळा उडत असतो. या ज्वलनातून निघालेल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एकतृतीयांश चाके फिरवण्याच्या कामी येते, एकतृतीयांश धुराबरोबर नळीवाटे बाहेर जाते, आणि उरलेली एकतृतीयांश एंजिनाच्या अंगातच मुरू पाहते. तिला तेथे राहू दिले तर वंगण पातळ होऊन निकामी होते, दट्ट्या फुगतो आणि सिलिंडरात घट्ट अडकून बसतो. धडधाकट एंजिनाचे थोड्याच वेळात भंगार होते.

म्हणून सिलिंडरांच्या भोवती पोकळी ठेवून तीत पाणी खेळवतात. हे पाणी उष्णता उचलते आणि मोटारीच्या तोंडाशी बसवलेल्या रेडिएटरकडे नेते. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्यांची आणि पातळ पत्र्यांची एक जाळी. नळ्यांतून पाणी वाहते, पत्र्यांमधून वारा वाहतो, आणि मागे फिरणारा पंखा तो वारा ओढून घेतो. पाणी येथे केवळ हमाली करते. ओझे एंजिनाकडून उचलायचे आणि हवेच्या अंगावर टाकायचे, एवढेच त्याचे काम. उष्णता नाहीशी करण्याची विद्या कोणत्याही यंत्राजवळ नाही. ती एकाकडून घेऊन दुसऱ्याला द्यावी लागते. सारी अडचण येथेच आहे, कारण घेणारा मिळाला पाहिजे.

फोर्ड कंपनीने १९०८ पासून १९२७ पर्यंत ‘मॉडेल टी’ नावाच्या सुमारे दीड कोटी मोटारी बनवल्या. अगदी पहिल्या काही गाड्या सोडल्या, तर या मोटारींत पाणी फिरवण्यासाठी पंपदेखील नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि निवालेले खाली उतरते, या नियमावरच त्यांचे काम चाले. न्हाणीघरातल्या बंबात जाळ मध्यभागी किंवा खाली असतो, तरी कढत पाणी मिळते ते वरच्या अंगाला. त्यातलाच हा प्रकार. योजना साधी, तीत मोडण्यासारखे काही नाही, म्हणून ही गाडी जगाच्या कानाकोपऱ्यांत पोचली. मात्र तिचा एक हट्ट असे. रेडिएटरमधले पाणी आटून वरच्या नळीच्या खाली गेले, की पाण्याचे फिरणे आपोआप थांबे आणि एंजिन तापू लागे. ऑस्ट्रेलियातला मेंढपाळ असो की ईजिप्तमधला शिपाई, प्रत्येकाला तो हट्ट पुरवावाच लागे.

आता वाळवंटातली अवस्था पाहू. समजा, रेडिएटरमधले पाणी ९५ अंशांवर आहे. बाहेरची हवा २५ अंश असेल, तर दोहोंत ७० अंशांचे अंतर पडते; आणि हे अंतर जेवढे मोठे, तेवढी उष्णता वेगाने हवेत जाते. वाळवंटातली दुपार ५० अंशांना पोचली, म्हणजे अंतर उरते ४५ अंशांचे. तोच रेडिएटर, तोच पंखा. परंतु त्यांच्या हातून आता दोनतृतीयांशांहूनही कमी काम होते. त्यातच मऊ वाळूत चाके रुतत असतात. गाडी चालते बैलगाडीच्या चालीने आणि एंजिन मात्र घाट चढत असल्यासारखे धापा टाकते. वेग नाही म्हणून समोरचा वारा नाही. त्यातून वारा पाठीमागून येत असेल आणि त्याची गती गाडीच्या गतीएवढीच असेल, तर मग विचारायलाच नको. रेडिएटरपुढे हवा जणू उभीच राहते. बिचारा पंखा काय ती हलवील तेवढीच.

अशा वेळी रेडिएटरमधले पाणी उकळू लागते. येथे निसर्गाचा एक चमत्कारिक हिशेब आहे. एक लिटर पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सातपटींहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ होण्यास लागते. म्हणजे वाफ होणारे पाणी एंजिनाची उष्णता भराभर घेऊनच जात असते. तेवढ्यापुरते पाहिले तर उकळण्यात एंजिनाची हानी नाही. हानी आहे ती पुढे. त्या काळच्या गाड्यांत रेडिएटरच्या माथ्यापासून एक नळी खाली सोडलेली असे, आणि वाफ व उकळते पाणी त्या नळीवाटे वाळूवर सांडून जाई. वाळू ते क्षणात शोषून घेई. चालक खाली उतरे, डबा काढी आणि पिण्याच्या पाण्यातून रेडिएटरची भरती करी. तासाभराने पुन्हा तेच. सोबत नेलेले पाणी असे हां हां म्हणता संपे आणि प्रवासाची मर्यादा पेट्रोलावर न ठरता पाण्यावर ठरे.

ही अडचण दूर केल्यावाचून ज्या प्रदेशात पाऊलही टाकता येत नव्हते, तो म्हणजे नाईल नदीच्या पश्चिमेस ईजिप्त, लिबिया आणि सुदान या तीन देशांत पसरलेले लिबियाचे वाळवंट. तेथे काही भागांत वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही. त्याच्या उत्तरेच्या अंगाला वाळूच्या टेकड्यांचा एक प्रचंड प्रदेश आहे. त्याला ‘वाळूचा महासागर’ असेच नाव पडले आहे. त्यात वाळूच्या ओळी उत्तर-दक्षिण अशा शेकडो किलोमीटर गेलेल्या आहेत, आणि काही ठिकाणी त्यांची उंची १०० मीटरांपर्यंत जाते. १८७४ साली गेऱ्हार्ड रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंटांवर लोखंडी टाक्यांतून पाणी लादून दाखला मरूद्यानाकडून पश्चिमेस निघाला. या ओळी काही त्याला ओलांडता आल्या नाहीत. शेवटी दोन ओळींमधल्या वाटेने तो उत्तरेकडे वळला आणि सीवा येथे पोचला. वाटेत त्याला पाऊस लागला, हे त्याचे भाग्य. जेथे तो पडला, त्या जागेचे नावच त्याने ‘पावसाचे शेत’ या अर्थाचे ठेवले. असा पाऊस पुन्हा कोणाच्या वाट्यास येईल, या भरवशावर मात्र कोणी प्रवासाची आखणी करू शकत नव्हते.

राल्फ बॅगनोल्ड हा ब्रिटिश सैन्यातील अभियंता अधिकारी. त्याचा जन्म १८९६ चा. १९२६ साली त्याची नेमणूक ईजिप्तमध्ये झाली आणि वाळवंटाने त्याला ओढून घेतले. सुटीचे दिवस आले की तो व त्याचे चारदोन मित्र फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन वाळवंटात शिरत. खर्च पदरचा, रजा हक्काची. सरकारी मोहिमेचा थाट त्यात नव्हता. आणि नव्हता हे बरेच झाले, कारण पदरचा पैसा खर्च करणारा मनुष्य पाण्याचा थेंबही मोजून वापरतो.

बॅगनोल्डने रेडिएटरमधून बाहेर जाणाऱ्या वाफेकडे नीट पाहिले. वाफ म्हणजे पाणीच. ते उडून जाते ते केवळ आपण त्याला जाऊ देतो म्हणून. तेव्हा त्याने रेडिएटरचे तोंड हवा आत-बाहेर जाणार नाही असे पक्के बंद करवले. उतू जाणाऱ्या नळीचे दुसरे टोक जमिनीकडे न सोडता त्याने गाडीच्या बाजूला बसवलेल्या एका डब्यात नेऊन सोडले. डबा पाण्याने निम्मा भरलेला आणि नळीचे टोक त्या पाण्यात बुडालेले. एवढीच युक्ती. तीत पंप नाही, दट्ट्या नाही, फिरणारा एकही भाग नाही. जुना डबा, हातभर नळी आणि डाग देणारा कारागीर मिळाला की काम झाले.

रेडिएटरमधले पाणी उकळू लागले म्हणजे वाफ नळीतून डब्यात येई. डब्यातल्या थंड पाण्यात तिचे बुडबुडे शिरत आणि तेथल्या तेथे विरघळून जात, म्हणजे त्यांचे पुन्हा पाणी होई. वाफेने बरोबर आणलेली उष्णता डब्यातले पाणी घेई. अर्थात असे किती वेळ चालणार? हळूहळू डब्यातले पाणीही तापे आणि अखेर तेही उकळून फसफसू लागे. हाच चालकाला इशारा. आता आणखी उष्णता ठेवायला जागा उरलेली नाही, हे तो समजे. मग तो गाडीचे तोंड वाऱ्याकडे फिरवून ती उभी करी आणि स्वस्थ बसून राही.

पुढचा प्रकार पाहण्यासारखा असे. समोरून येणाऱ्या वाऱ्याने रेडिएटर निवू लागे. त्याच्या आत कोंडलेल्या वाफेचे पाणी होई. वाफेला जेवढी जागा लागते, तिच्या मानाने त्याच पाण्याला अगदीच थोडी जागा पुरते. आणि तोंड पक्के बंद असल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरची हवा शिरू शकत नसे. आत पोकळी निर्माण होई. बाहेरच्या हवेचा दाब डब्यातल्या पाण्यावर पडतच असे. एकदोन मिनिटे जात, नळीत गुडगुड असा आवाज होई, आणि डब्यात आलेले सारे पाणी सरसर वर चढून रेडिएटरमध्ये परत जाई. रेडिएटर पुन्हा तोंडापर्यंत भरलेला! कोठे गळती नसली, तर दिवसेंदिवस त्यात वरून पाणी घालावे लागत नसे. शाळेच्या प्रयोगशाळेत पत्र्याच्या डब्यात पाणी उकळवून त्याचे तोंड बंद करतात आणि तो निवू देतात. मग तो डबा आपोआप चेपला जातो. त्या प्रयोगात जी हवा डबा चेपते, तीच येथे रेडिएटर भरून देत असे.

या डब्याने एंजिनातली उष्णता कमी होत नव्हती, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. उष्णता शेवटी हवेलाच द्यावी लागे आणि त्यासाठी थांबावेही लागे. वाचत होते ते पाणी. परंतु पाणी वाचले म्हणजे प्रवासाचा हिशेबच बदलला. जे पाणी आजवर वाळू पीत होती, ते आता माणसांसाठी उरू लागले. गाडीवर पाण्याचे डबे कमी लादले तरी चाले, आणि त्यांच्या जागी पेट्रोलचे अधिक डबे बसत. १९३० साली बॅगनोल्ड आणि त्याचे सोबती ऐन दल्ला या एकाकी झऱ्यावरून निघाले आणि ज्या वाळूच्या ओळींनी रोल्फ्सला माघारी फिरवले होते, त्या मोटारींनी ओलांडून पार झाले.

इतर युक्त्यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण त्या दिसायला निराळ्या असल्या तरी एंजिनाच्या शीतनाशीच त्यांचा संबंध होता. वाळूत शिरताना चाकांतील हवा कमी करायची, म्हणजे चाक पसरते आणि रुतत नाही. रुतलेच तर चाकाखाली लोखंडी पन्हळी पट्ट्या घालायच्या. एंजिनाला जेवढे कमी झगडावे लागेल, तेवढी त्याची उष्णता कमी. गाड्यांवरचा अनावश्यक भारही ते उतरवून ठेवीत. पुढे १९४० साली, दुसऱ्या महायुद्धात, बॅगनोल्डने कैरो येथे वाळवंटात दूरवर गस्त घालणारे एक सैनिकी पथक उभारले. त्या पथकाच्या ट्रकांना छत नव्हते, दारे नव्हती आणि समोरची काचही बहुधा काढून टाकलेली असे. ट्रकांना तोच डबा आणि तीच नळी लावलेली होती. प्रत्येक माणसाला पिण्यासाठी आणि चहासाठी मिळून दिवसाला सुमारे साडेतीन लिटर पाणी मिळे. डोक्याला अरबी रुमाल बांधीत. पायांत मात्र आपल्या परिचयाची वस्तू असे, ती म्हणजे हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरची चप्पल! बुटात वाळू शिरली म्हणजे पाय सोलवटतो. चपलेत शिरलेली वाळू तशीच बाहेर पडते. बॅगनोल्ड काही काळ हिंदुस्थानातही नोकरीस होता, त्याचा हा उपयोग.

आजच्या मोटारीचे झाकण उघडून पाहिले, तर एंजिनाजवळ एक पांढुरकी, अर्धपारदर्शक टाकी दिसते. तिच्यावर ‘किमान’ आणि ‘कमाल’ अशा खुणांच्या दोन रेघा असतात. कित्येक गाड्यांत ही टाकी जवळजवळ त्या जुन्या डब्याचेच काम करते. पाणी तापून फुगले की जास्तीचे पाणी तीत येते आणि गाडी निवाली की परत रेडिएटरमध्ये ओढले जाते. फरक एवढाच की आता रेडिएटरचे पाणी दाबाखाली कोंडलेले असते. बाहेरच्या हवेच्या सुमारे दुप्पट दाब आत असला म्हणजे पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळते. ग्लायकॉल नावाचे द्रव्य त्यात मिसळतात, त्यामुळे ही मर्यादा आणखी थोडी वर सरकते. हे द्रव्य चवीला गोडसर असते, पण विषारी असते. वाळवंटात अडकलेल्या माणसाने तहानेने व्याकुळ होऊन रेडिएटरकडे पाहू नये, ते याच कारणाने. मोटारीला दिलेले पाणी आता माणसाच्या उपयोगाचे राहिलेले नाही.

दाबाचा एक धोका आहे. गाडी तापली म्हणून घाईने रेडिएटरचे झाकण उघडणारे पुष्कळ असतात. झाकण सैल होताच दाब एकदम उतरतो, १०० अंशांच्या वर तापलेले पाणी त्याच क्षणी उसळून उकळते आणि झाकणावर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर व हातांवर येते. एंजिन हाताला कोमट लागेपर्यंत थांबावे. त्या अर्ध्यापाऊण तासाने कोणाचे काही बिघडत नाही. भाजलेला डोळा मात्र पुन्हा मिळत नाही.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत पेट्रोलचा भडका नसतो, म्हणून त्यांना शीतनाची गरज नसेल असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. त्यांच्या बॅटऱ्या फार तापल्या तर लवकर जीर्ण होतात, आणि बहुतेक नव्या गाड्यांत बॅटऱ्यांभोवतीही द्रव खेळवलेला असतो.

एंजिनाचे असे झाले. आता आत बसणाऱ्या माणसाचे. बॅगनोल्डच्या उघड्या गाडीत ऊन लागे, वाळू डोळ्यांत जाई, पण उष्णता कोंडून राहत नसे. बंद मोटारीत ती राहते. काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो आणि आसने व पुढची फळी तापवतो. तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात, ती अदृश्य किरणांच्या रूपाने असते आणि काच तिला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. आतली हवा बाहेरच्या हवेत मिसळत नाही, म्हणून तीही तापत जाते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत असे दिसले की, उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी चढले, आणि त्यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्याशा खाली ठेवल्या, तरी म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली. अशा दिवशी उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या आत काय होत असेल, याचा हिशेब कोणीही करू शकेल. पण त्यासाठी वाळवंटच हवे असे नाही. बाहेर ३० अंश असले, म्हणजे आपल्याकडचा साधा दिवस असला, तरी तासाभरात आत ५० अंशांच्या वर जाते. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या शरीरापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते. लपंडाव खेळताना उभ्या मोटारीत शिरलेली मुले दार आतून उघडता न आल्यामुळे प्राणास मुकली आहेत. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला गाडीत बसवून दुकानात गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या घरांतही असे दुःख शिरले आहे. उभी मोटार ही खेळायची जागा नव्हे आणि वाट पाहत बसण्याचीही नव्हे. कोणी आत अडकलेले दिसले, तर हाका मारून मोठ्या माणसांना बोलावण्यात एक क्षणही दवडू नये.

मोटार सावलीत उभी करावी. सावली नसेल तर समोरच्या काचेआड चकचकीत पडदा लावावा, म्हणजे प्रकाश आल्या वाटेने परत जातो. निघताना चारही दारे उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी आणि पहिली काही मिनिटे काचा खाली ठेवून गाडी चालवावी. हे उपाय साधे आहेत म्हणून लोक ते करीत नाहीत, एवढाच त्यांचा दोष.

आतली हवा गार करण्याची जुनी रीत पाण्याचीच होती. आपल्या देशात मालमोटारींच्या पुढच्या बाजूला जाड कापडाची छागल टांगलेली असे. कापडातून पाझरणारे पाणी वाऱ्याने सुकते आणि सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते ते असेच. हेच तत्त्व अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील लोकांनी मोटारीत बसण्याच्या जागेला लावले. खिडकीच्या काचेत अडकवायचे एक नळकांडे तेथे १९३० नंतर प्रचारात आले. त्यात पाण्याने भिजवलेली गादी असे. गाडी धावू लागली की समोरचा वारा त्या गादीतून गार होऊन आत येई. विदर्भातल्या घरांत उन्हाळ्यात जो कूलर लावतात, त्याचेच हे भावंड. हवा कोरडी असेल तेथेच त्याची मात्रा चालते. मुंबईच्या दमट हवेत पाणी सुकायलाच तयार नसते, मग गारवा कोठून येणार? आणि वाळवंटात ही सोय करायची, तर पुन्हा पाण्याच्या डब्याला तिसरा वाटेकरी आला.

या वाटेकऱ्यावाचून गारवा देणारे यंत्र पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९४० च्या आपल्या मोटारींत बसवून दिले. त्याचा बराच भाग गाडीच्या मागच्या सामानाच्या जागेत होता. गारवा नको झाला तर ते बंद करण्याची सोय नव्हती. गाडी थांबवून, एंजिनाचे झाकण उघडून पट्टा काढून ठेवावा लागे. श्रीमंतांनाही हे रुचले नाही आणि दोनच वर्षांत ते बंद पडले. पुढे यंत्र सुधारले आणि आज ते लहानशा मोटारीतही असते. त्यात एक द्रव नळ्यांतून फिरतो. आत तो वाफ होऊन बसणाऱ्यांजवळची उष्णता घेतो आणि बाहेर पुन्हा द्रव होऊन ती हवेत टाकतो. आता हवेत टाकण्याची ही जाळी बसवतात कोठे? रेडिएटरच्या अगदी पुढे! म्हणजे माणसाची उष्णता घेऊन आधीच तापलेली हवा मग रेडिएटरला मिळते, आणि यंत्र फिरवण्याचे ओझेही एंजिनावरच पडते. पाण्याचा डबा गेला, तरी मनुष्य आणि मोटार यांच्यातली वाटणी काही सुटली नाही. पूर्वी ते एकच पाणी पीत होते. आता एकाच वाऱ्यावर दोघांना निवायचे असते.

सपाट रस्त्यावर चांगल्या स्थितीतील गाडी हे दोन्ही भार पेलते. प्रश्न येतो तो लांब चढणीवर. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या खोऱ्यात १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश तापमान नोंदले गेले, आणि जागतिक हवामान संघटनेच्या दप्तरी पृथ्वीवरील सर्वाधिक तापमान म्हणून तीच नोंद आहे. त्या भागातून डोंगर चढून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर वातानुकूलन बंद करण्याची सूचना देणारे फलक लावलेले असतात. काटा चढू लागला की जाणता चालक प्रथम ते यंत्र बंद करतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर तो जे करतो ते पाहून शेजारी बसलेल्याला वाटावे की याला उन्हाचा चळ लागला आहे. थंडीच्या दिवसांत गाडी उबदार ठेवण्यासाठी जी ऊब देणारी सोय असते, ती तो पूर्ण जोराने सुरू करतो. ती सोय म्हणजे एंजिनाच्या त्याच पाण्यावर चालणारा एक छोटा रेडिएटर. तो एंजिनाची उष्णता घेऊन बसणाऱ्यांच्या अंगावर सोडतो, आणि मोठ्या रेडिएटरचा भार तेवढा हलका होतो. काचा खाली केलेल्या, बाहेर ५० अंश, पायांवर भट्टीची धग; चालक घामाने निथळत असतो, पाण्याच्या बाटलीतून अधूनमधून घोट घेतो आणि काट्याकडे पाहत राहतो. काटा तरीही लाल पट्ट्यात शिरला, तर गाडी थांबवण्यावाचून गत्यंतर नसते. बहुधा तो शिरत नाही. तेथेच थरथरत राहतो आणि चढण संपता संपता हळूच खाली येऊ लागतो. माथ्यावर रुंद जागा असते. तेथे चालक गाडी वळवतो आणि तिचे तोंड वाऱ्याकडे करून उभी करतो.